नाही म्हणणारी मशीन

कोणाच्याही घरी गेली की ती आधी टकटक करायची. दारावर नाही, भिंतीवर. बोट मुडपून हळूच वाजवायची, कान लावायची, जरा सरकून पुन्हा वाजवायची. घरची बाई घाई करायची, "इथंच पाडा नं भोक, किती वेळ?" तर ही कान न काढता म्हणायची, "थांबा, भिंतीले विचारू द्या."

तुम्ही पाहिलं असेल, पडद्याचे रॉड लावणारे लोक येतात, वर चढतात, घर्रकन भोक पाडतात आणि प्लास्टर ढिगानं खाली पडतं. मग म्हणतात, तुमची भिंतच खराब आहे. हिचं तसं नव्हतं. भिंत हो म्हणाली तरच ती मशीन हातात घ्यायची.

पहिल्यांदा ती माझ्या घरी आली तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. ती आत आली आणि खिडकीजवळची भिंत वाजवायला लागली. मला वाटलं, डोक्यानं कमी आहे.

"दार इकडं हाय वं," मी म्हटलं. "अन् ते उघडंच हाय."

"हाव मावशी. पण तुमची ही भिंत पोकळ हाय."

"आली नाई, बसली नाई, अन् माही भिंत पोकळ."

"पडदे शिवता का तुमी?"

अशी आमची ओळख झाली. तिचं नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळे तिला पडदेवालीच म्हणत. ती चार घरं सोडून राहायची, एकत्र कुटुंबात. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा, गरीब स्वभावाचा. घरात चालायचं ते भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं. ते फर्निचरचे ठेके घ्यायचे. आणि त्यांची बायको, म्हणजे हिची मोठी जाऊ, तिला सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी माहीत असायच्या.

मी आयुष्यभर कपडे शिवले. ब्लाउज, फॉल, पिशव्यांचे बंद, जे येईल ते. डोळे कमी झाल्यावर पडदे धरले. पडद्याची शिवण सरळ असते, त्यात गळा नाही की बाही नाही, आणि पडदा कधी म्हणत नाही की मी जाड दिसते. ती गिऱ्हाइकाकडून माप आणि कापड आणायची, मी शिवायची, ती नेऊन लावायची.

सुरुवातीला लावायला एक माणूस ठेवला होता. तो आज येतो म्हणायचा आणि परवा यायचा. दुपारी घरात बाई एकटी असली की तिलाही परका माणूस आत घ्यायला नको वाटायचं. एक दिवस कंटाळून हिनं भासऱ्यांची बिनवायरची ड्रिल मशीन उचलली आणि स्वतःच गेली. त्याआधी सराव माझ्या भिंतीवर केला. पहिला रॉड तिनं लावला तो रात्रभर राहिला आणि सकाळी माझ्या पाठीवर पडला. मी तिला बोलावून दाखवला.

"भिंत पोकळ हाय म्हणून मीच सांगतलं होतं," ती म्हणाली.

"मंग तिथंच काहून लावला?"

"तुमी म्हणल्या, खिडकी तिथंच हाय."

त्या दिवसापासून ती फक्त भिंतीचं ऐकायला लागली आणि घरमालकिणीचं ऐकणं कमी झालं.

तिची दुसरी एक तऱ्हा होती. भोक पाडायच्या आधी ती त्याच्या खाली लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवायची, तोंड उघडं ठेवून. भुकटी सरळ पाकिटात. खाली एक कण नाही. काम झालं की पाकीट मिटून पिशवीत. गल्लीत कोणाकडे लग्नाचं बोलावणं आलं की पाकीट हिच्यासाठी काढून ठेवत. जाड, सोनेरी छापाचं असलं की ती खूश व्हायची. "हे मजबूत हाय," म्हणायची, "हे सोलार बीमच्या कामाले." "सोलार" हा तिचा स्वतःचा शब्द होता. जे कडक असेल ते सोलार. का, ते मी कधी विचारलं नाही.

काम वाढलं. बायका एकमेकींना सांगायच्या, बाई येते, भुकटी पडत नाही, गप्पा मारते पण घर पाहत नाही. एका घरी नवी सून होती, सासू गावाला गेली होती. हिनं रॉड लावले आणि जाताना सुनेला म्हणाली, "हा पडदा पूर्ण ओढला नं, तर बाहेरून काही दिसत नाई. मी पाहून आली." त्या सुनेनं नंतर तिच्या तीन मैत्रिणींकडे तिला पाठवलं. कामाच्या बाबतीत तिला कधी घाई नसायची. "घाई कोणाले हाय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. घाई सगळ्यांनाच असायची, तिला सोडून.

आता खरी गोष्ट बॅटरीची.

तुमच्या घरात अशी मशीन नसेल तर सांगते. ही ड्रिल बॅटरीवर चालते. बॅटरी म्हणजे एक ठोकळा, मशीनच्या मुठीखाली सरकवायचा, कट असा आवाज येतो, की बसली. एका कंपनीची बॅटरी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनला बसते. भासऱ्यांच्या घरात सगळं निळं होतं. निळी ड्रिल, निळी कटर, निळी घासायची मशीन, आणि निळ्या बॅटऱ्यांची रांग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चार्जिंगला लावलेली. सकाळी जो आधी उठेल तो भरलेली घेऊन जाईल. भासऱ्यांचे कारागीर पहाटेच येत. ही भाकरी थापून, डबे भरून, शाळेच्या व्हॅनला टाटा करून ओट्याकडे वळायची तेव्हा तिथं जी उरली असेल ती हिची. ती बहुतेक अर्धमेली असायची.

मग तिनं आपल्या कमाईतून स्वतःची एक बॅटरी घेतली. निळीच, कारण मशीन निळी होती. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, ओळखू यावी म्हणून. तो ठिपका सगळ्यांना ओळखू आला. ठिपकेवाली नवी आहे, जास्त टिकते, हे कारागिरांना लगेच समजलं. रोज पहाटे आधी तीच जायची.

तिनं भासऱ्यांना सांगून पाहिलं. तोंडावर नाही, त्या घरात तशी पद्धत नव्हती. दाराआडून म्हणाली, "दादा, लाल ठिपक्याची माही हाय."

"हो का? बरं बरं," ते म्हणाले. "घरातलीच तर हाय."

माणूस वाईट नव्हता, हे मी सांगून ठेवते. घरातलं सगळं सगळ्यांचं, असं तो मानायचा. त्याच्या स्वतःच्या चपला कोणी घालून गेलं तरी तो दुसऱ्याच्या घालून जायचा. पण असं मानणाऱ्याच्या हातात सगळं आधी येतं, हे त्याला दिसत नव्हतं.

एकदा ती बेसा भागात एका फ्लॅटवर गेली. फ्लॅट नवा, लाइट अजून आली नव्हती, संध्याकाळी त्यांचं सामान यायचं होतं. अर्धं भोक झालं आणि मशीन घुंई करून थांबली. तिची ठिपकेवाली भरलेली बॅटरी हिंगण्याला कोणाच्या तरी कपाटाला बिजागऱ्या लावत होती. फ्लॅटच्या बाईनं चांगल्या शब्दांत सांगितलं की ताई, मी दुसऱ्याला बोलावते.

तिथून ती माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमची कैची कोणी काहून नाई नेत?"

माझ्या कैचीबद्दल सांगायला हवं. कापडाची कैची कागदाला लावली की तिची धार जाते. माझं लग्न झालं तेव्हा घरात नणंदा, दीर, त्यांची पोरं. ज्याला त्याला पतंग, पुस्तकांची कव्हरं, तंबाखूच्या पुड्या कापायला माझीच कैची. मी ती तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवायची. पुढं लपवायचं सोडलं आणि सरळ सांगायला लागले, देत नाही. नणंद महिनाभर बोलली नाही. शांतता चांगली होती.

"कारण मी देत नाई," मी तिला म्हटलं.

"मले तसं म्हणता येत नाई."

"तोंड नाई का तुले?"

"तोंड हाय. पण मी नाई म्हणली तर उद्या ते म्हणतील, हा ओटा आमचा, हे मीटर आमचं, अन् तू खोली तरी कोणाची वापरून राहिली?" तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "अन् काम बंद. सरळ बंद. म्हणतील, घरीच राह्य."

ते खरं होतं. तिची सगळी मिळकत त्या एका ठोकळ्यावर होती, आणि तो ठोकळा दुसऱ्याच्या खिशात बसत होता. मी तिला चहा दिला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

काही दिवसांनी गल्लीत हशा झाला. पडदेवाली इतवारीच्या बाजारात जाऊन नवी ड्रिल घेऊन आली, आणि ती निघाली नारंगी. पिकल्या संत्र्यासारखी. दुसऱ्याच कंपनीची. निळी बॅटरी तिला बसतच नव्हती.

त्या संध्याकाळी मी मापाचा कागद घेऊन त्यांच्या घरी गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. घरातल्या प्रत्येकानं प्रयत्न केला. भासऱ्यांनी निळी बॅटरी सरळ लावून पाहिली, उलटी लावून पाहिली, खाली फुंकर मारून पाहिली. एका कारागिरानं थापट मारली. नवरा म्हणाला, "थोडी घासून पाहू का कानशीनं?" भासरे म्हणाले, "राहू दे, वॉरंटी जाईल."

मग उलटं करून पाहिलं. नारंगी बॅटरी निळ्या कटरला. तीही बसेना. एक खाच इकडे, एक तिकडे.

जाऊ चुलीजवळून बोलली, "दुकानदारानं बाईमाणूस पाह्यलं अन् गळ्यात बांधली. घरात एवढ्या बॅटऱ्या पडल्या, अन् हिनं आणली सवतीच्या रंगाची."

"विचारून तरी घ्यायची वं," भासरे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मी आलो असतो संगं."

ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा मी सरळ विचारलं, "फसली का?"

"नाई."

"मंग येडी झाली का?"

तिनं नारंगी मशीन मांडीवर घेतली आणि बॅटरी सरकवली. कट. काढली, पुन्हा लावली. कट.

"दुकानदार म्हणे, घरात निळी असंल तर निळीच घ्या, बॅटरी एकमेकाच्या कामी पडते. मी म्हणली, भाऊ, जी निळ्याले कामी नाई पडत ती दाखवा. त्यानं दोनदा विचारलं, ताई, नक्की?" ती माझ्याकडे पाहून हसली. "आता मले नाई म्हणाचं कामच नाई, मावशी. मशीनच नाई म्हणते."

मला तांदळाचा डबा आठवला. माझी नणंद महिनाभर बोलली नव्हती. हिच्या घरी कोणी एक दिवस सुद्धा अबोला धरला नाही, उलट सगळ्यांना तिची कीव आली.

"चार्जर कुठं लावणार?" मी विचारलं.

"तेच विचाराले आली."

माझ्या खोलीत शिलाई मशीनजवळ एक प्लग रिकामा होता. तिथं तिचा चार्जर लागला. लाल दिवा म्हणजे भरून राहिली, हिरवा म्हणजे भरली. माझं लाइटचं बिल वाढेल म्हणून तिनं माझ्या सगळ्या खिडक्यांना नवे रॉड लावून दिले. पोकळ भिंतीलाही लावला, लांब स्क्रू घालून. तो अजून आहे.

पुढचं वर्ष तिचं चांगलं गेलं. दुसरी नारंगी बॅटरी घेतली. सकाळी कामं आटपून आरामात यायची, हिरवा दिवा पाहायची आणि निघायची. घरचे लोक तिच्या मशीनकडे पाहतसुद्धा नसत. ज्याचा आपल्याला उपयोग नाही त्यावर माणूस हक्क सांगत नाही.

परीक्षा झाली ती दसऱ्याच्या तोंडावर.

आमच्या गल्लीच्या मागे विहाराचा नवा हॉल बांधून झाला होता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक येतात, बाहेरगावच्या बायका, लेकरं आमच्याकडे मुक्कामाला असतात. आधीच्या वर्षी जुन्या शेडमध्ये दोरी बांधून चादरी टाकल्या होत्या. बायका कपडे बदलत असताना दोरी सुटली आणि सगळ्या चादरी खाली. त्यातल्या एका म्हातारीनं मंडळाच्या लोकांना जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. म्हणून यंदा ठरलं की हॉलच्या मधोमध पक्के पाइप आणि जाड पडदे लावायचे, एका बाजूला बायकांची जागा. शिवायचं काम मला आणि लावायचं तिला. मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की एवढं काम भासऱ्यांना द्यावं, ते ठेकेदार आहेत. पण अध्यक्षांच्या बायकोच्या घरी हिनं पडदे लावले होते. तिनं ठरवलं ते ठरलं.

हॉलला मीटर अजून लागलं नव्हतं. खांब पक्क्या काँक्रीटचे. तिनं पहिला खांब वाजवला आणि म्हणाली, "बाप्पा. सोलार हाय." ती खांबाला विचारायची, खांब हो म्हणायचा, पण भोक पाडायला अर्धी बॅटरी खायचा. दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीनं माझ्याकडे चार्जिंगला यायच्या. आणि ऐन शेवटच्या दिवशी गल्लीची लाइट गेली. डीपीचं, म्हणजे विजेच्या पेटीचं, काम चालू होतं, संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणून सांगितलं. माझ्या प्लगला चार्जर लागलेला, आणि दिवा ना लाल ना हिरवा.

दुपारी नरखेडकडून बसनं पहिल्या बायका उतरल्या. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. हॉलमध्ये येऊन टेकल्या. अर्धे पडदे लागले होते, अर्धे माझ्या पायाशी घडी घालून पडले होते. आणि तिची मशीन घुंई करून थांबली. तिनं दुसरी बॅटरी लावली. ती तेवढंही बोलली नाही.

बातमी गल्लीत गेली तशी माणसं जमली. भासरे आले, हातात पिशवी, पिशवीत भरलेल्या निळ्या बॅटऱ्या. त्या त्यांनी दुसऱ्या साइटवर चार्ज करून आणल्या होत्या. त्यांच्या मागे जाऊ.

"घे," भासरे म्हणाले. मग त्यांचंच त्यांच्या लक्षात आलं आणि हात तसाच राहिला.

"मी तवाच म्हणली होती," जाऊ म्हणाली. "सगळ्यायची एक रंगाची असती तर आज अडलं असतं का?"

मंडळाचे एक गृहस्थ कपाळावर हात मारून म्हणाले, "कोणाची बी लावा नं वं, पण संध्याकाळच्या आत करा."

"बसत नाई," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहत होते. आता तिला मान खाली घालावी लागणार, असं मला वाटलं. हे काम हातातून गेलं असतं तर पुढं कोणतंच मोठं काम तिला कोणी दिलं नसतं, आणि घरी ती नारंगी मशीन फळीवर धूळ खात पडली असती. मी पडद्याची घडी धरून उभी होते. तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, ते मला जमलं.

भासरे म्हणाले, "थांब, माही मशीनच घेऊन जा मंग. बॅटरीसकट."

सोपं होतं. घेतली असती तर काम झालं असतं. तिनं उरलेल्या खांबावर बोट मुडपून वाजवलं, कान लावला. खांबाला काय विचारलं ते तिलाच माहीत. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहून बोलली.

"मशीन नको, दादा. तुमी या मशीनसंगं."

"मी? कुठं?"

"वर. शिडीवर. भोकाची जागा मी सांगते."

जाऊ म्हणाली, "अवं, हे तुह्या हाताखाली काम करतील का?"

नरखेडची एक बाई लेकराला पाजत भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कोणाच्या बी हाताखाली करा बाप्पा, पण करा. मले साडी बदलाची हाय."

लोक हसले. भासरेही हसले, थोडं उशिरा. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि शिडी चढले.

मग जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. ती खाली वाजवायची, स्टुलावर चढून वर वाजवायची, पेन्सिलीनं फुली मारायची, पाकीट चिकटवायची आणि मागे सरकायची. भासरे भोक पाडायचे. एका खांबाला ते फुलीची वाट न पाहता मशीन लावायला गेले.

"थांबा दादा," ती म्हणाली. "भिंतीले विचारू द्या."

एवढा मोठा ठेकेदार, मशीन छातीशी धरून शिडीवर थांबला. ती सावकाश वाजवत राहिली. घाई कोणालाच नव्हती. म्हणजे सगळ्यांना होती, पण कोणी बोललं नाही.

उन्हं कलायच्या आत शेवटचा पडदा चढला. मी ओढून पाहिला, रिंगा सरळ गेल्या. बायका आत गेल्या आणि लगेच एकीनं माझ्या नव्या पडद्यावर ओली साडी वाळत टाकली. मी तिला दोन शब्द ऐकवले. तिनं मला चार ऐकवले. मग तिनं मला चिवडा दिला.

भासरे खाली उतरले. निळ्या मशीनची बॅटरी काढून त्यांनी हातात धरली. शेजारी स्टुलावर तिची नारंगी बॅटरी पडली होती. त्यांनी ती उचलली, दोन्ही खाचा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"तुही तुह्याजवळ," ते म्हणाले आणि नारंगी तिच्या पिशवीत टाकली. "माही माह्याजवळ."

"हाव, दादा."

"बरं हाय," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन चहाला गेले. त्यानंतर गल्लीत ते सगळ्यांना सांगायचे की विहाराच्या कामावर मी आमच्या सुनबाईकडे मजुरीला होतो. त्यांना ते सांगायला आवडायचं. चपला मात्र अजून दुसऱ्याच्या घालून जातात.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती. जाऊ राहिली होती.

तिला खिडक्यांना डासांच्या जाळ्या लावायचं काम सुरू करायचं होतं. नागपुरात डासांची कमी नाही, विचार चांगला होता. ती गुपचूप इतवारीत गेली आणि मशीन घेऊन आली. नारंगी. तीच कंपनी, तेच मॉडेल. बॅटरी नवी लागू नये म्हणून नुसती मशीन घेतली.

मशीन घेऊन ती सरळ माझ्या खोलीत आली. पडदेवाली तेव्हा माझ्यासमोर बसून कापडाला पट्टी लावत होती. जाऊ प्लगजवळ गेली, हिरवा दिवा पाहिला, बॅटरी उचलली आणि आपल्या मशीनला सरकवली. कट.

"आता तर बसते नं?" ती म्हणाली. "आता काय म्हणणार?"

मी सुई थांबवली. आता मशीन काही नाही म्हणणार नव्हती. इतकी वर्षं जे तोंडानं म्हणायचं टळलं होतं ते माझ्या खोलीत, माझ्या समोर उभं होतं.

पडदेवाली उठली. जाऊच्या हातातून मशीन घेतली. रागानं नाही, कोणाच्या हातातलं भांडं घेतात तशी. बॅटरी काढली, चार्जरला परत लावली आणि मशीन जाऊच्या हातात दिली.

"बसते, बाई," ती म्हणाली. "पण देत नाई."

आवाज चढला नाही. भिंतीला विचारताना जसा असायचा तसाच होता. जाऊ माझ्याकडे पाहायला लागली, जणू मी न्याय करणार आहे. मी सुई चालू केली.

"तुमी तुमची घ्या," पडदेवाली म्हणाली. "उद्या मी येते संगं दुकानात. चांगली पाहून देते. पण तुमची तुमच्याजवळ ठेवा. मले बी देऊ नका, मी मागितली तरी."

जाऊनं मशीन काखेत धरली. मला वाटलं, आता ओटा, मीटर, खोली सगळं निघतं. पण ती म्हणाली, "नको देऊ मंग. चार्जर तरी लावू देते का इथं? घरी ठेवली तर पोट्टे घेऊन जातात, तुले माहीत हाय."

"ते मावशीले विचारा. लाइट त्यायची हाय."

"लाव," मी म्हटलं. "पण लोकांच्या घरच्या गप्पा इथं करायच्या नाई."

दुसऱ्या दिवशी दोघी इतवारीत जाऊन आल्या. माझ्या बोर्डावर दोन चार्जर झाले, दोन्ही नारंगी. हिच्या बॅटरीवर लाल ठिपका, जाऊच्या बॅटरीला मी निळा दोरा बांधून दिला. दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी भरत राहायच्या, आणि कधी अदलाबदल झाली नाही. एकदा जाऊची चार्जिंग राहून गेली होती, तर ती तशीच परत घरी गेली. मागितली नाही. पडदेवालीनं त्या दिवशी तिच्या वाटणीचा स्वयंपाकही केला.

मागच्या उन्हाळ्यात पडदेवाली आणि तिचा नवरा हुडकेश्वरच्या पुढं स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला गेले. भांडून नाही. टेम्पोत सामान चढवायला भासरेच पुढं होते. ती माझ्या खोलीत आली, चार्जर काढला, वायर गुंडाळली. भिंतीजवळ गेली आणि पोकळ जागी बोट मुडपून वाजवलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, रॉड मजबूत हाय."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. तिच्या हातात पाकिटांचा गठ्ठा होता, सगळी लग्नाची, नायलॉनच्या दोरीनं बांधत होती. दोरी लांब झाली होती.

"मावशी, जरा कैची द्या नं."

"देत नाई."

ती इतकी हसली की गठ्ठा सुटायला आला. तिनं दोरी तोंडात धरली, दातानं तोडली, गाठ मारली आणि गेली.